बिऱ्हाड हलवण्याआधी

महाराष्ट्रात घर बदलण्याला हंगाम असतो. आंबा बाजारात उतरला की तो सुरू होतो आणि पहिला पाऊस पडला की ओसरतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्याआधी मुलाबाळांसकट नव्या पत्त्यावर पोचायचं असतं. सरकारी नोकरांच्या बदल्यांसाठी २००५ साली झालेला कायदाही सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असं सांगतो. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतल्या लोकांना ‘पावसाळ्याआधी खोल्या खाली करा’ असा बिल्डरचा निरोप आलेला असतो. भाड्याच्या घरांचे अकरा महिन्यांचे करार तेवढे बारमाही संपत असतात, पण तेही बहुधा महिनाअखेरीलाच. परिणाम असा, की मे महिन्याच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत मुंबई-पुण्यातल्या प्रत्येकाला एकाच वेळी टेम्पो हवा असतो, चार माणसं हवी असतात आणि पंधरा-वीस रिकामी खोकी हवी असतात.

टेम्पो निघून गेल्यावर फाटकाशी काय उरतं, हे सोसायटीच्या सफाई कामगाराला विचारावं. कापसाची दबलेली गादी, टीव्हीबरोबर आलेलं आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून माळ्यावर सांभाळलेलं थर्मोकोल, एका बाजूला कललेलं कॉम्प्युटर टेबल, बादलीभर हँगर, मुदत संपलेली औषधं, आणि या सगळ्यावर बबल रॅपचा पसारा. पालिकेच्या रोजच्या कचरागाडीत यातलं बरंचसं बसत नाही. गाडीवाला नेत नाही, भंगारवाल्याला परवडत नाही, आणि मग एखाद्या रात्री ते सामान नाल्याकाठी जाऊन पडतं. मुंबईत पावसाळ्याआधी नालेसफाई होते तेव्हा गाळाबरोबर गाद्या आणि सोफे वर येतात, ते असे.

ही पुस्तिका त्या ढिगाबद्दल आहे. घर किंवा कचेरी हलवताना निसर्गावर पडणारा भार कमी कसा करायचा, याची मराठीत, आपल्या शहरांना धरून केलेली मांडणी तिच्यात आहे. संपादकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मनात शंका होती. हा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात : विजेवरचा टेम्पो आणि कागदाची चिकटपट्टी. दोन्ही चांगल्या आहेत. पण त्यांनी भागत असतं तर पुस्तिकेची गरज नव्हती, एक पत्रक पुरलं असतं. हस्तलिखित वाचल्यावर शंका फिटली. पुस्तिकेचं म्हणणं असं, की बिऱ्हाड हलवण्याचा भार टेम्पो दारात येण्याच्या आधीच ठरून गेलेला असतो. काय न्यायचं, काय सोडायचं, सोडलेलं कोणाकडे जाणार आणि त्याच्या जागी नवं काय विकत घेणार, या प्रश्नांची उत्तरं महिनाभर आधी द्यायची असतात. आपण ती शेवटच्या रात्री देतो.

थोडं गणित करू, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुंबई ते पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरा. घरसामान नेणारा मध्यम टेम्पो लिटरला आठ किलोमीटर चालतो असं धरलं, तर एका खेपेला एकोणीस लिटरच्या आसपास डिझेल, म्हणजे पन्नास किलो कार्बन डायऑक्साइड. गाडी परत रिकामी गेली तर शंभर किलो.

आता त्याच घरातला दीड टनाचा स्प्लिट एसी घ्या. त्यात साधारण किलोभर वायू असतो. तो आर-४१०ए असेल तर हवेत सुटल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट उष्णता धरून ठेवतो. जुन्या यंत्रांतल्या आर-२२ ची क्षमता सुमारे १८१० पट, आणि हल्लीच्या बहुतेक यंत्रांत असणाऱ्या आर-३२ ची ६७५ पट. म्हणजे एका एसीतला किलोभर आर-४१०ए सोडून दिला, तर मुंबई-पुणे रस्त्यावर त्या टेम्पोने वीस वेळा जाऊन येण्याइतका भार एका दुपारी, पाच मिनिटांत झाला. आर-३२ सुटला तरी सहा-सात फेऱ्यांची भर पडते. आर-२२ तर ओझोनच्या थरालाही घातक आहे, म्हणून माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. आपण मात्र दरवर्षी मे महिन्यात बाल्कनीत उभं राहून तो फुस्सकन जाताना ऐकतो आणि एसी ‘काढला’ म्हणून पैसे देतो.

हे टाळायला नवं यंत्र लागत नाही. एसी काढायला येणाऱ्या मिस्त्रीला ‘पंप डाउन’ ठाऊक असतं. यंत्र कूलिंगवर चालू ठेवायचं, बाहेरच्या युनिटवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, कॉम्प्रेसरला सगळा वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊ द्यायचा, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र लगेच थांबवायचं. नळ्या त्यानंतर सोडवायच्या. काम काही मिनिटांचं आहे, पण जाणत्या माणसाचंच. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला आणि आत हवा शिरली तर धोका असतो, त्यामुळे हे घरच्या घरी करून बघू नये. मग मिस्त्री ते का टाळतो? त्याला एसीमागे ठरलेले पैसे मिळतात, खाली दुसऱ्या घरचा फोन वाजत असतो, आणि नव्या घरी ‘गॅस उडालाय, भरावा लागेल’ असं सांगून आणखी दोन-तीन हजारांचं काम निघतं. त्यात तुमचाही तोटा आहे. वीज तोडण्याआधी एसी काढून घ्यायचा, हे मात्र तुमच्या हातात आहे. मीटर कापला गेल्यावर पंप डाउन करणार कशावर?

गाडीचा विषय मी मुद्दाम खाली ढकलला, पण तो टाकून देण्याजोगा नाही. त्यात सगळ्यात मोठी नासाडी रिकाम्या परतीची आहे. नाशिकहून पुण्याला सामान टाकून आलेली गाडी रिकामी नाशिकला जाते, आणि त्याच दिवशी पुण्याहून नाशिकला जाणारं कुटुंब वेगळी गाडी ठरवतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा कळंबोलीला चौकशी केली तर ‘रिटर्न’ची गाडी कमी भाड्यात मिळते, हे व्यापाऱ्याला माहीत असतं, घर बदलणाऱ्याला नसतं. सामान थोडं असेल तर ‘पार्ट लोड’ने जाऊ शकतं. दोन्हींसाठी लागतो तो तारखेचा सैलपणा. एकतीस तारखेलाच, रविवारीच आणि सकाळीच हवं म्हटलं की रिकाम्या परतीचा खर्च तुमच्या भाड्यात आणि सगळ्यांच्या हवेत मिसळतो. सोसायट्यांचे नियमही याला हातभार लावतात. सामान दुपारी चढवायचं नाही, मोठी लिफ्ट वापरायची नाही, संध्याकाळी सहानंतर गेट बंद. मग गाडी दोन-दोन तास इंजिन चालू ठेवून रस्त्यात उभी. सोसायटीच्या कमिटीत बसणाऱ्यांनी पुस्तिकेतलं हे प्रकरण तरी वाचावं.

शहरातल्या शहरात विजेवरची छोटी गाडी आता खरोखर कामाची आहे. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसने, म्हणजे आपल्या ‘छोट्या हत्ती’ने, घर हलवण्याची रीतच बदलली होती, तिची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली. दादरहून ठाण्याला किंवा कोथरूडहून खराडीला जायला ती पुरते. लांबच्या पल्ल्यासाठी रेल्वेचा विचार कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढतो आणि घाटांची चढण डिझेल न जाळता पार होते. मुंबईतून गोव्याला बिऱ्हाड हलवणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांनी वाहतूकदाराला निदान विचारून तरी पाहावं.

आता सामानाकडे वळतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली. त्यातली कितीतरी कपाटं तिसऱ्या पिढीकडे आहेत. आरसा फुटला असेल, रंग दोनदा दिला असेल, पण दार लागतं. सागवानी पलंगाचंही तसंच. कळाशी सोडवा, पुन्हा बसवा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरी आलेलं पार्टिकल बोर्डचं फर्निचर मात्र एकदाच जोडण्यासाठी जन्मलेलं असतं. लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या त्या फळीत स्क्रू एकदा बसतो तो बसतो. काढून पुन्हा घट्ट केला की भोक सैल होतं, दुसऱ्या खेपेला फळीची कड फुटते, पावसाचं पाणी लागलं की ती फुगते. मग नवं कपाट. जुन्याचं सरपणही करता येत नाही, कारण त्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असतं. अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या तरुण जोडप्याने असं कपाट घेणं म्हणजे दर करारागणिक एक कपाट फेकणं. पुस्तिकेत यावर ‘भाड्याचं फर्निचर घ्या’ हा उपाय सुचवला आहे. तो योग्य आहे, पण मी पहिला मान जुन्या बाजाराला देईन. जोगेश्वरीचा ओशिवरा बाजार, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे दुसऱ्या हाताचं, पण खऱ्या लाकडाचं सामान मिळतं, आणि निघताना ते विकलंही जातं.

पुनर्विकासात हा प्रश्न आणखी तिखट होतो, कारण तिथे एक नाही, निदान दोन बिऱ्हाडं हलतात. जुनी खोली सोडून भाड्याच्या घरात, आणि इमारत झाली की परत. इमारत होईपर्यंत मधली तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, भाड्याची घरंही बदलत राहतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षांच्या संसाराचा पोटमाळा रिकामा करणं सोपं नसतं. पितळेची घंगाळं, पत्र्याच्या ट्रंका, गणपतीच्या मखराचे भाग, गिरणीतून आलेलं कापड. नव्या, टापटीप घरात हे शोभणार नाही असं मुलांना वाटतं, आणि जे मोडीत जातं ते पुन्हा मिळत नाही. मोठ्या घरासाठी नवं फर्निचर घ्यावं लागेल, यात कोणाची चूक नाही. पण ट्रंक हे बिऱ्हाड हलवण्याचं आजवरचं सगळ्यात टिकाऊ खोकं आहे. ती भंगारात देऊन पुठ्ठ्याची खोकी विकत आणायची, हा व्यवहार मला समजत नाही.

सोडलेलं सामान कोणाकडे जातं? आपल्याकडे याची एक जुनी साखळी आहे, आणि ती परदेशातल्या अनेक शहरांकडे नाही. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देते. रद्दीवाला कागद, भंगारवाला लोखंड आणि तार नेतो. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. जुन्या वस्तू, कपडे आणि ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमाही ती करते. धारावीत प्लॅस्टिकच्या डब्यापासून साबणाच्या वडीपर्यंत कशाकशाचा पुनर्वापर होतो. ही साखळी उत्तम चालते, मात्र तिला वेळ लागतो. पलंग विकायला तीन आठवडे लागतात आणि आपण तीन दिवस देतो. त्यासाठी पुस्तिकेने एक साधी युक्ती सुचवली आहे : घर ‘हलकं’ करण्याची तारीख आणि टेम्पोची तारीख यांत निदान महिनाभराचं अंतर ठेवायचं. सगळ्या पुस्तिकेतून एकच सूचना पाळायची ठरवलीत, तर ही पाळा.

एका बाबतीत मात्र माझं संपादकांशी दुमत आहे आणि ते नोंदवणं प्रस्तावनाकाराचं काम आहे. त्यांनी ‘दान’ या प्रकाराला फार वरची जागा दिली आहे. घर बदलण्याच्या आदल्या दिवशी केलेलं दान बहुतेक वेळा दान नसतं, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं असतं. वृद्धाश्रमाला मिक्सरचं फुटकं भांडं नको असतं, बालगृहाला चाक तुटलेली गाडी नको असते, आणि घरकाम करणाऱ्या मावशींना तुमचा ओला वास मारणारा सोफा ठेवायला जागा नसते. त्या ‘नको’ म्हणू शकत नाहीत, एवढंच. आधी विचारा, वस्तू पुसून, दुरुस्त करून द्या, आणि पोचवण्याचा खर्च तुम्ही करा. तसं जमणार नसेल तर सरळ भंगारवाल्याला बोलवा. त्याचा त्यात धंदा आहे, उपकार नाही.

बांधाबांधीच्या सामानावर पुस्तिकेत पुष्कळ आहे, म्हणून मी थोडकंच लिहितो. बबल रॅपची गंमत अशी, की १९५७ मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी ते भिंतीला लावायचा कागद म्हणून बनवलं. भिंतीवर ते कोणाला आवडलं नाही; पुढे आयबीएमच्या संगणकांच्या वेष्टनाला उपयोगी पडलं आणि जगभर पसरलं. आपल्याकडे मार्च २०१८ च्या राज्याच्या बंदीने थर्मोकोलच्या ताटवाट्या गेल्या, जुलै २०२२ च्या केंद्राच्या बंदीने स्ट्रॉ आणि काटेचमचे गेले. बबल रॅप आणि सोफ्याभोवती गुंडाळायची स्ट्रेच फिल्म या यादीत नाहीत. थर्मोकोलमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के हवाच असते; टेम्पोभर नेलं तरी वजनकाट्यावर काही भरत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. पुठ्ठा मात्र लगेच उचलला जातो आणि त्यातला बराचसा वापीच्या कागद गिरण्यांत जाऊन पुन्हा पुठ्ठाच होतो. पण आधी तेच खोकं चार वेळा वापरलं गेलं तर जास्त चांगलं. किराणा दुकानातलं खोकं पुस्तकांना चालत नाही, तळ फाटतो. पाच पदरी खोकं घ्यावं, चिकटपट्टी फाडून न काढता कापावी, आणि नव्या घरी पोचल्यावर खोकी पुढच्या गरजवंताला द्यावीत. पोत्यांचं गोणपाट, जुन्या चादरी, गोधड्या यांनी कपाटाची दारं आणि पलंगाच्या कडा उत्तम राखल्या जातात. वर्तमानपत्रात काचेची भांडी बांधली तर शाईचे डाग धुवावे लागतात, एवढीच अडचण. टीव्हीच्या पडद्याला मात्र बबल रॅप लावाच. फुटलेला टीव्ही हा शंभर मीटर बबल रॅपपेक्षा मोठा कचरा आहे. या बाबतीत सोवळं पाळण्यात अर्थ नाही.

हे सगळं उचलणार कोण? टेम्पोबरोबर आलेली चार मुलं, तीही खेपेवर पैसे घेणारी. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला, देशात असा विचार करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. घरसामान हलवणारी पोरं मात्र बहुधा त्या कायद्याच्या छत्राखाली नसतात. एका दिवसात तीन घरं उरकायची असली की कपाटाची कड फुटते, एसीचा वायू उडतो आणि सुटलेलं प्लॅस्टिक जिन्यातच राहतं. सावकाश, नीट काम हवं असेल तर दिवसाचे पैसे द्यावे लागतील. पर्यावरणाच्या पुस्तकांत मजुरीचा उल्लेख क्वचित येतो. इथे तो आला आहे, याबद्दल संपादकांचं अभिनंदन.

कचेऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे नुकसान घराच्या कितीतरी पट होतं. व्यापारी जागा अनेकदा तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांनी भाड्याने दिल्या जातात आणि जाताना त्या ‘बेअर शेल’ करून परत द्याव्या लागतात. म्हणजे नुसत्या भिंती आणि फरशी. कंपनी निघाली की आतलं छत, काचेच्या केबिन, गालिचा, वातानुकूलनाच्या नळ्या, वायरिंग, सगळं तोडून काढतात. पुढच्याच महिन्यात नवा भाडेकरू येतो आणि जवळपास तसंच छत, तशाच केबिन पुन्हा बांधतो. वांद्रे-कुर्ला संकुलात, हिंजवडीत, विमाननगरात हे वर्षानुवर्षं चालू आहे. यावर उपाय कोणत्याही हिरव्या वस्तूत नाही, करारातल्या एका कलमात आहे : नवा भाडेकरू तयार असेल तर आतली बांधणी जशी आहे तशी हस्तांतरित करता येईल, आणि त्याचं मूल्य दोघांनी मिळून ठरवावं. हे कलम जागा सोडताना घालता येत नाही, घेताना घालावं लागतं.

यंत्रांसाठी कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणं येतात. आर्थिक वर्षात कधीही अशी एक हजार किंवा अधिक उपकरणं वापरणारी संस्था ‘मोठी ग्राहक’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्प्रक्रियादाराकडेच द्यायचा असतो. यूपीएसच्या बॅटऱ्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या खोक्यात कोंबून नेण्याच्या वस्तू नाहीत. तरीही कचेरी हलवण्याच्या धांदलीत चांगले चालते लॅपटॉप फोडले जातात, कारण आतली माहिती पुसायला कोणाला सवड नसते. माहिती पुसण्याचं काम महिनाभर आधी सुरू केलं, तर यंत्र भंगार होण्याऐवजी एखाद्या शाळेत चालू शकतं.

कागदांबाबतही तेच. कंपनी कायदा हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायला सांगतो, पण मी पाहिलेल्या बहुतेक कचेऱ्यांत पंचवीस वर्षांचे गठ्ठे एका गोदामातून दुसऱ्या गोदामात फिरत असतात. उलट टोकाला, घाबरून सगळंच श्रेडरमध्ये घालणारे असतात. बारीक चिरलेल्या कागदाचे धागे आखूड होतात आणि गिरणीला ते कमी उपयोगाचे. गुप्त तेवढंच चिरा, बाकीचं रद्दीत द्या.

सगळं संगणकावर आणलं की हलवाहलव संपेल, अशी एक समजूत आहे. जम्मू-काश्मीरमध्ये १८७२ पासून राजधानी सहा महिने श्रीनगरला आणि सहा महिने जम्मूला असे, आणि फायलींच्या पेट्या ट्रकांत भरून दोनदा घाट ओलांडत. २०२१ मध्ये फायली ई-ऑफिसवर आल्या आणि ही प्रथा बंद झाली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, कारण जम्मूच्या बाजारपेठेला फायलींबरोबर येणारी माणसं हवी होती. आपल्याकडे १९५३ च्या नागपूर कराराला धरून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला भरतं आणि मंत्रालयाचा मोठा भाग डिसेंबरात तिकडे जातो. यात नुसते कागद हलत नसतात, विदर्भाला दिलेला शब्दही असतो. तो मोडा असं कोणी म्हणणार नाही. पण पेट्यांत किती भरायचं आणि तिथलं सामान तिथेच किती ठेवायचं, हे दरवर्षी नव्याने मोजायला हरकत नाही.

पुस्तिकेत वाणसामान संपवण्याचं वेळापत्रक आहे, गॅस सिलिंडर परत करण्याची रीत आहे, फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करण्याची सूचना आहे. कुंड्यांवरचं पान मी दोनदा वाचलं, कारण पॅकर्सवाले झाडं नेत नाहीत आणि तुळस कोणीतरी मांडीवर घेऊन बसल्याशिवाय आपल्याकडे बिऱ्हाड हलत नाही.

शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत. त्यांवर तुमच्या भागातल्या भंगारवाल्याचा, रद्दीवाल्याचा, पंप डाउन नीट करणाऱ्या एसी मिस्त्रीचा, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राचा आणि रिटर्नची गाडी देणाऱ्या वाहतूकदाराचा क्रमांक लिहून ठेवा. घर सोडताना ही पुस्तिका बरोबर नेऊ नका. चाव्यांसोबत पुढच्या भाडेकरूच्या हातात द्या.